‘लांबट’ म्हणजे नेमके कसे? द्रव्यपरीक्षणातील आकारवाचक शब्द

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, घाटघर, आहुपे या परिसरात, हिरड्याचे वृक्ष आहेत. तेथील महादेव कोळी बांधव त्याची कोवळी फळे गोळा करून वाळवितात; तोच बाजारातील बाळहिरडा. हे फळ कसे असते, असे विचारल्यास बहुधा ‘लांबट’ एवढेच उत्तर मिळते. परंतु पक्व हिरडाही लांबटच असतो. मग खरेदीच्या वेळी या शब्दाने कोणता भेद कळला?

‘लांबट’ हा शब्द लांबी रुंदीपेक्षा अधिक आहे, एवढेच सांगतो. द्रव्य ओळखण्यासाठी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात: सर्वाधिक जाडी कोठे आहे आणि टोके कशी आहेत. त्यावरून पुढील भेद होतात.

लंबगोल : जाडी मध्यभागी सर्वाधिक, दोन्ही टोके सारखी गोलसर.
अंडाकृती : जाडी एका टोकाकडे अधिक, दुसरे टोक निमुळते.
दंडगोलाकार : जाडी सर्वत्र जवळजवळ सारखी, उदा. ज्येष्ठमधाचे तुकडे.
तर्कुरूप, म्हणजे चातीसारखा : मध्ये जाड, दोन्ही टोकांकडे निमुळता, उदा. शतावरीचे मूळ.
भालाकार : हा शब्द पानांसाठी, उदा. अडुळशाचे पान.

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात हरीतकीचे अखंड फळ अंडाकृती, २० ते ३५ मि.मी. लांब व १३ ते २५ मि.मी. रुंद सांगितले आहे. म्हणजे लांबी रुंदीच्या सुमारे दीडपट. बेहडा मात्र गोलाकडे झुकतो. बाळहिरडा पक्व फळाहून लहान, काळपट व सुरकुतलेला असतो. फोडल्यास त्यात कठीण आठळी सापडत नाही. पक्व फळात ती असते. म्हणून येथे आकाराची साक्ष पुरेशी नाही. फळ फोडून पाहणे आवश्यक ठरते.

आपल्या ग्रंथकारांनीही मोघम वर्णनावर भागविले नाही. भावप्रकाशात हरीतकीच्या सात जाती सांगताना विजयेस दुध्या भोपळ्याची उपमा दिली आहे, रोहिणीस गोल म्हटले आहे, तर अभयेच्या पाच व चेतकीच्या तीन रेषा नोंदविल्या आहेत.

औषधालयाच्या आवक-नोंदवहीत ‘हिरडा, लांबट’ असे न लिहिता आकार, लांबी-रुंदी, वर्ण व आठळी या चार बाबी लिहाव्यात. बाळहिरडा व पक्व हिरडा यांचे उपयोग भिन्न आहेत. नोंदीतील मोघमपणा अखेर रुग्णाच्या मात्रेत उतरतो.