आजारी बालक, दवाखाना आणि चौथे शील

आपण उपासक-उपासिका पंचशील ग्रहण करतो. त्यातील चौथे शील खोटे बोलण्यापासून अलिप्त राहण्याचे. व्यवहारात ते आपण आठवतो. परंतु दवाखान्याच्या दारात, आपल्याच लेकराजवळ सहज मोडतो. "काही करणार नाहीत, सुई देणार नाहीत," असे सांगून मुलाला आत नेतो आणि क्षणभरात सुई टोचली जाते. ती वेदना थोड्या वेळाने शमते. पण आईबापाच्या शब्दावरील विश्वास उडाला, तर पुढील खेपेस मूल दारातूनच पळ काढते.

आपल्या गडचिरोली-चंद्रपूर भागात हा प्रश्न सर्दी-तापापुरता नाही. सिकलसेल हा आनुवंशिक रक्तदोष येथील आदिवासी बांधवांप्रमाणे आपल्या बौद्ध समाजातही आढळतो. आई व वडील दोघांकडूनही हा दोष आलेल्या बालकास रक्तक्षय होतो, हाडे-सांधे दुखण्याचे तीव्र झटके येतात. रक्ततपासणी, सलाईन, प्रसंगी रक्त चढविणे हे त्याच्या वाट्याला वारंवार येते. भीतीपोटी असे बालक दुखणे लपवू लागले, तर उपचारास उशीर होऊन जीवावर बेतू शकते.

लहानग्या राहुलला तथागतांनी भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून, थट्टेतही खोटे बोलू नये, असा उपदेश केला. जे आपण मुलांकडून अपेक्षितो, ते प्रथम आपण पाळावयास हवे. अतिसाराने स्वतःच्याच मळात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वहस्ते स्वच्छ केले. विनयात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्यांत औषध देण्याच्या कौशल्यासोबत मैत्रीभाव आणि रुग्णाचे मन प्रसन्न करण्याची क्षमताही आहे.

याचे एक उदाहरण आपल्याच धानोरा तालुक्यात आहे. चातगावजवळील शोधग्राम येथे डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने माँ दंतेश्वरी दवाखाना उभारला. मोठ्या इमारतींची, पांढऱ्या कपड्यांची आणि नातलगांपासून तुटण्याची भीती वाटते, असे आदिवासी गावकऱ्यांनी सांगितले होते. म्हणून तो दवाखाना गावासारखा, झोपड्यांचा केला आणि नातलगांना रुग्णाजवळ राहण्याची सोय ठेवली. ब्रिटनमध्येही जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीवरील चित्रपटातून हेच दुःख दाखविले आणि १९५९ साली प्लॅट समितीने पालकांना मुलांकडे केव्हाही येऊ द्यावे, अशी शिफारस केली.

पालकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. आधी सांगावे. अगदी लहान मुलास त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी, मोठ्या मुलास काही दिवस अगोदर.

२. खरे सांगावे. "थोडे दुखेल, मी हात धरून राहीन. रडलास तरी चालेल."

३. शक्य तेथे परिचारिकेस विचारून मुलाला मांडीवर बसवून धरावे. आडवे दाबून धरल्याने भीती वाढते. तान्ह्या बाळास सुई देताना अंगावर पाजल्यास वेदना कमी जाणवते.

४. फुंकर घालावयास लावावे, आकडे मोजावेत, गोष्ट सांगावी.

५. "तुझ्या चुकीमुळे आजार झालेला नाही," असे सांगावे. पुष्कळ लहान मुले आजाराला शिक्षा समजतात.

६. मूल झोपले असता चोरून निघून जाऊ नये. केव्हा परतणार ते सांगावे, आईची ओढणी किंवा ओळखीची वस्तू जवळ ठेवावी.

७. घरी "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई देईल" ही धमकी कायमची बंद करावी.

घरी परतल्यावर काही दिवस मूल बिलगून राहील, कदाचित अंथरूण ओले करील. त्याला रागावू नये. बाहुलीला सुई देण्याचा खेळ खेळू द्यावा. त्यातून त्याचे मन मोकळे होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमचा लहान भाऊ वा बहीण दवाखान्यात असेल तर तासभर जवळ बसा, गोष्टीचे पुस्तक वाचून दाखवा. विहारात आपण सर्व प्राणिमात्रांविषयी मैत्रीभावना करतो. त्या भावनेची परीक्षा खाटेवरच्या भेदरलेल्या बालकाजवळ होते. तेथे आपला शब्द खरा आणि आपला हात त्याच्या हातात असावा.