आमचे कोण ऐकतो?



'राजकारण हे आपले काम नाही' हे वाक्य आम्ही कर्जत-खालापूरच्या कितीतरी घरांत ऐकतो. बहुधा ते मोठ्यांच्या तोंडून, मुलांच्या देखत उच्चारले जाते. मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत ते त्याला पाठ झालेले असते. अठरा पूर्ण झाल्यावर (१९८९ पर्यंत ही अट एकवीस होती) मतदार यादीत नाव येते. पण आपल्या शब्दाने काही फरक पडतो, हा विश्वास नावाबरोबर येत नाही.

या विश्वासाला दोन अंगे असतात असे अभ्यासक सांगतात. 'मला हे कळते, मला जमेल' हे एक, आणि 'मी बोललो तर समोरचा दखल घेईल' हे दुसरे. वक्तृत्व स्पर्धांनी पहिले थोडेफार वाढते. दुसरे उत्तर मिळाल्याशिवाय वाढत नाही. स्वतः पार पाडलेले काम हा आत्मविश्वासाचा सर्वात भक्कम आधार, असे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडले. न्यायाची कृत्ये करता करताच माणूस न्यायी होतो, हे ॲरिस्टॉटलचे म्हणणे तर फार जुने.

आपल्या मुलांना भाई कोतवाल माहीत असतात. माथेरानचे वकील, १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडणारे, २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हिराजी पाटलांसह हुतात्मा झालेले. ऐकणाऱ्या मुलाला वाटते, राजकारण म्हणजे प्राण देणे. ते आपल्याकडून कसे होणार? त्याआधी त्यांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या, मुलांसाठी शाळा चालवल्या, माथेरानच्या नगरपालिकेत काम केले, हे क्वचितच सांगितले जाते. सोळा वर्षांच्या मुलाने हात घालावा असे काम नेमके याच भागात आहे.

समजा, वाडीतल्या दहावीच्या मुलींना शाळा सुटल्यावर एस.टी. मिळत नाही. त्यांनी स्वतः आगार व्यवस्थापकांना अर्ज लिहावा, दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. या पोचेला कमी लेखू नका. आपले म्हणणे सरकारी कागदावर चढले, हे प्रथमच डोळ्यांना दिसते. महिन्याभरात काही हालचाल झाली नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. कायद्यात 'नागरिक' म्हटले आहे, वयाची अट नाही. उत्तर 'नाही' असे आले तरी कारणासह आलेले 'नाही' मुलींना पुष्कळ शिकवते. अर्ज मात्र वडिलांनी किंवा आम्ही लिहून देऊ नये.

असा अनुभव न मिळालेला मुलगाही राजकारणात जातोच, पण एखाद्या 'दादा'च्या मागे झेंडा घेऊन, टी-शर्ट आणि बिर्याणीसाठी. आणि इकडे फार्महाऊससाठी गावच्या जमिनी विकल्या जातात, पाण्याचे निर्णय होतात, वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबांची मुले शाळेबाहेर राहतात. हे सारे कोणीतरी ठरवत असते.

मुलींच्या बाबतीत एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातील ४९५ गावांचा हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे प्रधानपद, म्हणजे आपले सरपंचपद, दोन निवडणुकांत स्त्रियांसाठी राखीव राहिले, तिथे किशोरवयीन मुलामुलींच्या आकांक्षांतील दरी ३२ टक्क्यांनी कमी झाली. एकदाच राखीव राहिलेल्या गावांत तसे दिसले नाही. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. खुर्चीवर सरपंचबाई आणि बोलणारा त्यांचा नवरा, असे असेल तर मुली काय शिकतील ते सांगायला नको. शाळेच्या मंत्रिमंडळाचेही तेच. गुरुजींनी मुख्यमंत्री नेमला की मुले निवडणुकीचा अर्थ ओळखतात.

ग्रामसभेचे सभासद गावचे मतदार असतात, म्हणून सोळा वर्षांच्या मुलाला तिथे हात वर करता येणार नाही. तरीही त्याला सोबत न्या. कोण प्रश्न विचारतो, कोण टाळतो आणि इतिवृत्तात शेवटी काय लिहिले जाते, हे त्याला बघू द्या. घरी परतताना त्याचे मत विचारा आणि ते पूर्ण ऐकून घ्या, चुकीचे वाटले तरी.