पहिला आलेला वाण पुढच्या साली कुठे असतो?

लागणीचा हंगाम जवळ आला की नांदेड-लातूर भागात बेण्याची चर्चा सुरू होते. "अमक्याच्या रानात तमका वाण एकरी सत्तर टन गेला" एवढे कानावर पडले की सभासद बंधू ट्रॅक्टर जोडून बेणे आणायला निघतात. बेणे एकदा पडले की लागण, खोडवा, जमल्यास निडवा, असे रान तीन वर्षे अडकते. म्हणून निघण्याआधी विचारावे: हाच प्रयोग पुन्हा घेतला, तर हाच वाण पहिला येईल काय?

समजा, आपण एकाच वाणाचे बेणे दहा पट्ट्यांत लावले. तरी तोडणीला दहा वजने वेगळीच भरतील. कुठे खोल काळी माती, कुठे बांधालगतचा मुरूम, तर पाण्याच्या शेपटाचा पट्टा कायम उपाशी. पहिला नंबर कुणाचा तरी येणारच! त्या पट्ट्यांना दहा वाणांची नावे दिली असती, तर पहिल्याचे बेणे मागायला आपण धावलो असतो.

प्रयोगाच्या तक्त्याखाली 'सी. डी.' म्हणून आकडा असतो. दोन वाणांच्या सरासरीतले अंतर त्याहून कमी असेल, तर ते सारखेच धरावेत. पण इथेही मेख आहे. हा आकडा बहुधा शंभरात पाच चुका मान्य करून काढतात. दहा वाणांच्या जोड्या होतात ४५. म्हणजे सगळे वाण मुळात सारखे असले तरी सरासरी दोन-सव्वादोन जोड्यांत खोटाच फरक दिसणार. आणि आपण नेमका सर्वांत वरचा अन् सर्वांत खालचा उचलतो, तिथे फसगतीचा धोका फारच वाढतो. म्हणून आधी सगळ्या वाणांची एकत्र 'एफ' कसोटी पाहावी, ती लागली तरच जोड्यांकडे वळावे.

तरीही तो एका रानाचा, एका सालचा निकाल. अखिल भारतीय समन्वित ऊस प्रकल्पात वाण पुढच्या टप्प्यात गेला की अनेक केंद्रांवर दोन लागणी आणि एक खोडवा पाहतात, ते उगीच नव्हे.

आपल्या रानात दोन-तीन वाण पाहायचे तर प्रत्येकाचे चार पट्टे ठेवा. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. (हसू नका, इंग्लंडात रोथॅमस्टेडला फिशरसाहेबांनी १९२० च्या दशकात हेच सांगितले.) खत-पाणी सारखे द्या, पट्टावार वजन करा, खोडव्यालाही पुन्हा करा. वजनाच्या पावत्या शेतकी खात्यात आणून दिल्यास आकडेमोड आम्ही करून देऊ.