बिल्डचं साधन निवडताना

नव्या प्रोजेक्टवर रुजू होशील तेव्हा कुणीतरी म्हणेलच, “अजून मेकच वापरता? बॅझल घ्या!” लगेच हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. या काही गोष्टी लक्षात ठेव.

वय पाहू नकोस. मेक १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. लिनक्स कर्नल आजही मेकनेच बांधलं जातं. तेव्हा ‘जुनं आहे’ हे बदलण्याचं कारण होत नाही, आणि ‘चालतंय ना’ हे न बदलण्याचं कारणही होत नाही.

दुखणं आधी नेमकं ओळख. ‘बिल्ड हळू आहे’ एवढ्यावर थांबू नकोस. पूर्ण बिल्डला किती वेळ लागतो, एकच फाइल बदलल्यावर किती लागतो, हे वेगवेगळं मोज. मेकला समांतर कामाचा ‘-जे’ पर्याय दिलाय का, आधीच्या कंपाइलचे निकाल जपून ठेवणारं सीकॅश लावलंय का, ते बघ. पुष्कळदा दुखणं तिथंच बरं होतं.

‘मेक क्लीन’ची सवय ही धोक्याची खूण समज. फाइल पुन्हा कंपाइल करायची की नाही, हे मेक फाइलच्या वेळेवरून ठरवतं. एखादी हेडर फाइल डिपेंडन्सीत नोंदलेलीच नसेल, तर ती बदलली तरी मेकला पत्ता लागत नाही. कंपाइलरचा फ्लॅग बदलला तरी एरवी ते गप्पच राहतं. हेडरची नोंद जीसीसीचा ‘-एमएमडी’ पर्याय आपोआप करून देतो. आधी तो लाव. निंजा हे दुसरं बिल्ड साधन मात्र कंपाइलची आज्ञाही जपून ठेवतं, त्यामुळे फ्लॅग बदलला की त्याला कळतं. नव्या साधनाकडे जायला असलं कारण चांगलं.

कोण कुठलं काम करतं, ते समजून घे. सीमेक आणि मेसन स्वतः बिल्ड चालवत नाहीत, ती बिल्डच्या फाइली लिहून देतात. त्या चालवतं निंजा किंवा मेक. त्यामुळे ‘सीमेक की निंजा’ हा वादच चुकीचा. प्रोजेक्ट सीमेकवर असेल तर ‘-जी निंजा’ देऊन बघ. सहसा मूळ फाइलींना हात लावावा लागत नाही. सर्वांत स्वस्त सुधारणा हीच.

मोठ्या घरची अवजारं मोठ्या घरालाच परवडतात. बॅझल गूगलच्या आतल्या साधनातून आलं, २०१५ मध्ये खुलं झालं. अनेक भाषा, अवाढव्य सामायिक कोड, सगळ्यांची मिळून एक कॅश, यासाठी ते उत्तम आहे. पण त्यात प्रत्येक डिपेंडन्सी लिहून द्यावी लागते आणि त्याची देखभाल करणारं माणूस लागतं. पाच जणांच्या टीमने हा खर्च आधी मांडावा. जावातही तेच: मेव्हनच्या ठरावीक चाकोरीत सुखाने बसणारा प्रोजेक्ट ग्रेडलवर नेण्याची घाई करू नकोस.

जे कुणी वाचत नाही, त्याला भी. ऑटोटूल्सची कॉन्फिगर स्क्रिप्ट हजारो ओळींची असते, ती सहसा कुणी उघडून बघत नाही. २०२४ मध्ये एक्सझेड या लायब्ररीत चोरवाट सापडली. ती चालू करणारा तुकडा रिलीजच्या टारबॉलमधल्या ऑटोटूल्सच्या एका एमफोर फाइलमध्ये दडवला होता, गिट रेपोमध्ये तो नव्हताच. बिल्डच्या फाइली टीमला वाचता येणं ही सुरक्षेचीही गरज आहे.

बदलायचं ठरलं तर दोन्ही काही काळ शेजारी चालव. पोस्टग्रेसने २०२३ च्या १६ व्या आवृत्तीत मेसन आणलं, पण जुना मेकचा रस्ता लगेच बंद केला नाही. तूही सीआयवर दोन्ही बिल्ड चालव, दोन्हींच्या टेस्ट ताडून बघ. मात्र आपल्या टीमपुरती जुनं काढून टाकण्याची तारीख पहिल्याच दिवशी ठरव. नाहीतर प्रत्येक नवी फाइल दोन ठिकाणी नोंदवत बसावं लागेल आणि कधीतरी एक जागा राहूनच जाईल.

शेवटी कसोटी एकच. नवीन माणसाने रेपो क्लोन करावा, एक आज्ञा द्यावी, आणि बिल्ड कुणाला न विचारता बरोबर व्हावा. ज्या साधनाने तुझ्या टीमला हे जमतं, ते तुझ्यासाठी योग्य. आजच एक फाइल बदलून बिल्डला लागणारा वेळ मोज आणि लिहून ठेव. पुढच्या चर्चेला तो आकडा घेऊनच बस.