बाजारात ऐकलेला शब्द

ब्रह्मपुरी

चि. बापू,

काल बाजारात तुमच्या गावचा माणूस भेटला. मला म्हणाला, तुमचा पुतण्या बापू आयाराम-गयाराम निघाला. वर्षभर ग्रामसभेत ‘पर्याय दोन, तेंदूपत्ता आपणच विकू’ म्हणत होता, अन् ऐन वेळी वन विभागाच्या पर्याय एककडे वळला. कोण्या ठेकेदारानं गाडी दिली, असंही बोलला. बापू, ती गाडी कोणाची?

1967 साली हरियाणात हसनपूरचे आमदार गया लाल पंधरवड्यात तीनदा इकडून तिकडे झाले, तेव्हापासून ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द देशभर चालतो. 1985 मध्ये खासदार-आमदारांसाठी पक्षांतरबंदी आली. ग्रामसभेत पक्षच नाही, तुला कोण अपात्र ठरवणार? पण गाव नाव ठेवील, अन् ते तुझ्या पोट्ट्यांनाही ऐकावं लागेल.

मत बदललं की माणूस आयाराम झाला, हे मात्र मला मान्य नाही. तुमच्याच धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) पाहा. तिथं निर्णय सर्वसहमतीनं होतात. आधी अभ्यासगटात बसतात, ऐकतात, पटलं नाही तर पुन्हा बसतात. कोणी मत बदललंच नाही तर सहमती होईल कशी? 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, 2011 मध्ये स्वतःचा बांबू विकला, तो याच रीतीनं. पण तिथं माणूस चारचौघांत, कारण सांगून बदलतो. तू सांगितलंस का? की गाडीच बोलली?

तुझ्या आजोबांनाही लोक असंच बोलले होते. मी तेव्हा नागपूरला शिकत होतो. काहून बदलले, हे त्यांना विचारायचं राहूनच गेलं. ते गेले, अजून जीव चुटपुटतो. म्हणून तुला विचारतो.

कदाचित मागच्या हंगामाचे चुकारे अडकले, बायाबापड्यांची मजुरी बुडेल या धाकानं तू वळला असशील. तसं असेल तर ग्रामसभेत उभा राहून तेच सांग. मी येऊन शेजारी बसतो.

रागात लिहिलं, मनाला लावून घेऊ नको. गाडी कोणाचीही असो, सांजेला जंगलातून एकटा येऊ नको, या दिवसांत वाघाचा भरवसा नाही. अन् पैशाची नड असेल तर दुसऱ्याच्या दारी कशाला? धान विकल्याचे ठेवले आहेत. काकूला विचारलं, ती म्हणते, आधी त्याला जेवायला बोलवा.

तुझा काका