मिनी संगणक घेताना: आधी तपासा, मग पैसे द्या



बचत, कर्जाचे हप्ते, पापड-मसाल्याच्या ऑर्डरी हे सगळं मोबाइलच्या पडद्यावर बघताना लिपिकाताईंचे डोळे दुखून येतात. त्यामुळे ग्रामसंघासाठी संगणक घ्यावा, असा विषय सभेत निघतोच. अशा रोजच्या कामाला मिनी डेस्कटॉप पुरतो. जेवणाच्या डब्याएवढा हा संगणक लॅपटॉपसारख्या अ‍ॅडॅप्टरवर चालतो. त्याला ३० वॅट धरले, तर रोज ६ तास, महिन्याचे २५ दिवस वापरून साडेचार युनिट वीज लागते. पडद्याची वीज वेगळी.

कुठे बघायचा?

मुंबईत संगणकांचा जुना बाजार म्हणजे लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. गिरगावाला लागूनच आहे. दादरला उतरलात, तर पश्चिम रेल्वेची चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल धरा आणि ग्रँट रोडला पूर्वेला उतरा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. लालबाग-परळला कुणाचा भाऊ, कुणाची नणंद असतेच. आधी त्यांच्याकडून दोन-तीन दुकानांची दरपत्रकं मागवा.

काय तपासायचं?

१. पिढी: इथे नवे आणि कंपन्यांनी वापरून काढलेले, असे दोन्ही संगणक मिळतात. वापरलेला स्वस्त पडतो, पण प्रोसेसरचा आकडा विचारा. इंटेल आय-५ च्या पुढे ६५०० असेल तर सहावी पिढी, ८५०० असेल तर आठवी. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी लागते. विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. म्हणून सहाव्या पिढीचा डबा कितीही स्वस्त असला, तरी बँकेच्या कामाला नको.

२. क्षमता: रॅम ८ जीबी आणि एसएसडी २५६ जीबी एवढं पुरे.

३. जोडणी: पडदा, कीबोर्ड, माउस, यूपीएस हे बहुधा वेगळे घ्यावे लागतात. संगणकाची आणि पडद्याची खाच जुळते का ते बघा, नाहीतर गावात वायर शोधत बसाल. दर विचारताना सगळ्याची मिळून बेरीज विचारा.

४. चालवून बघा: दुकानातच सुरू करा, इंटरनेट जोडा, मराठीत चार ओळी टाइप करा. विंडोज अधिकृत आहे का, जुन्या मालकाचा पासवर्ड राहिलाय का, तेही बघा.

पैसे देताना

सभेत ठराव करा. पैसे बँकेतून, दुकानाच्या खात्यात द्या. जीएसटी बिल ग्रामसंघाच्या नावावर घ्या आणि त्यावर मशीनचा अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटी किती महिने, बिघडल्यास कुरिअरने पाठवायचा की कोणी आणून द्यायचा, आणि तो खर्च कुणाचा, हे लेखी असू द्या. दुरुस्तीसाठी मुंबईच्या दोन फेऱ्या झाल्या, की स्वस्ताईतली बचत तिथेच संपते.

संगणक आला म्हणून वही बंद करू नका. दर आठवड्याला हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि ती कोषाध्यक्षांच्या कपाटात ठेवा. पै-पै करून जमलेल्या पैशांचा हिशेब आहे तो.

सभेत चर्चा करा

– आपल्याला संगणकावर कोणती तीन कामं करायची आहेत?
– तो शिकून घेणाऱ्या दोन जणी कोण? एकीवर अवलंबून राहू नका.
– बिघडला तर जवळच्या गावात दुरुस्त करणारं कोण आहे?

ही उत्तरं मिळाली, की मगच दरपत्रकं मागवा.