काहीही पिणारा ट्रक

अमेरिकन लष्कराच्या जुन्या अडीच टनी ट्रकबद्दल नवख्या माणसाला सगळे एकच सांगतात. डिझेल घाला, रॉकेल घाला, विमानाचं इंधन घाला, पेट्रोल घाला, हॉटेलातलं तळणीचं तेल घाला, चालतो! हे खोटं नाही. पण शेतकऱ्याने विचारायचा पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. किती दिवस चालतो?

मी अमेरिकेतल्या मिझुरीत शेती करतो. मूळचा सातारा जिल्ह्यातला. विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाला हँडल मारत वाढलो, त्यामुळे जुनं इंजिन दिसलं की हात शिवशिवतात. इकडे मका, सोयाबीन, थोडी गुरं आणि बांधाला लागून जंगल. हिवाळ्याचं लाकूड वाहायचं, गवताचे गोल गठ्ठे हलवायचे, फवारणीचं पाणी रानाच्या कडेपर्यंत न्यायचं, एवढ्यासाठी लिलावातला असाच एक अडीच टनी एम-३५ए२ घेतला. नव्या ट्रॅक्टरच्या मानाने तो कवडीमोल पडला. आधीच्या मालकाने त्याच्या टाकीत बरंच काही ओतलं होतं. त्याचा हिशेब माझ्या काळात निघाला.

या ट्रकचं मूळ घराणं १९५० च्या सुमाराचं. ए२ हे रूप साठच्या दशकातलं, आणि त्याचं इंजिन बहुइंधनी. सहा सिलिंडर, सुमारे ७.८ लिटर, कॉम्प्रेशन २२ ला १. स्पार्क प्लग नाहीत. पेट्रोल नुसत्या दाबाने पेटवायचं तर दाबही तसाच जबर हवा. पेटलेलं पेट्रोल एकदम भडकू नये म्हणून जर्मनीच्या मॅन कंपनीत सिगफ्रिड मॉयरर यांनी काढलेली पद्धत इथे वापरली आहे. पिस्टनच्या डोक्यात गोल वाटी कोरलेली असते. नोझल बरंचसं इंधन त्या वाटीच्या भिंतीवर मारतं. थोडंसं आधी पेटतं आणि भिंतीवरचा पातळ थर वाफ होत होत मागाहून जळतो. त्यामुळे हलकं इंधनही ठोके न देता जळतं. आपल्या जबलपूरला पूर्वी बनणारा शक्तिमान ट्रक याच मॅन कंपनीच्या परवान्यावरचा. माझ्या चुलत्यांनी फौजेत तो चालवला होता, त्यामुळे या घराण्याचं कौतुक मला लहानपणापासून.

पण कौतुकाच्या भरात एक गोष्ट निसटते. लष्कराच्या पुस्तकातही डिझेलचा नंबर पहिला आहे. विमानाचं इंधन पर्याय म्हणून, आणि पेट्रोल म्हणजे दुसरं काही मिळतच नसेल तेव्हाचं. लढाईत ट्रक अडकला, डिझेलचा टँकर पोचला नाही, तर शेजारी जे मिळेल ते ओतून माणसं बाहेर काढायची, यासाठी ही सोय केलेली आहे. त्यापायी पंप लवकर झिजला तर लष्कर दुसरा पंप बसवतं. मागे डेपो आहे, मिस्त्री आहे, सुटे भाग आहेत. शेतकऱ्याच्या मागे काय आहे? पेरणीची तारीख.

आता एकेक इंधन घेतो.

पेट्रोल. डिझेलला स्वतःचा बुळबुळीतपणा असतो आणि पंपाचा प्लंजर त्याच्यावरच सुखाने फिरतो. पेट्रोल कोरडं. या इंजिनाच्या पंपात एकच प्लंजर सहाही सिलिंडरना इंधन पुरवतो, म्हणजे झिजला की सगळं इंजिन बसलं. शिवाय पंपाचं सील गेलं की इंधन गळून थेट इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पट्टी ओढून पाहिल्यावर पातळी खाली गेलेली दिसली तर आपण घाबरतो, ऑइल घालतो. या ट्रकमध्ये पातळी वर गेलेली दिसली तर जास्त घाबरा. माझ्या ट्रकची ती हळूहळू वर चढत होती, आणि ऑइलला पेट्रोलचा वास. असं ऑइल बेअरिंगला काय सांभाळणार? गाडी तशीच उभी केली, पंपाचं काम झाल्यावरच पुन्हा चालू केली. पेट्रोल मिसळण्याचा दुसरा धोका टाकीचा. साधारण उन्हाळ्यात डिझेलवर ठिणगी पडली तरी ते सहसा पेट घेत नाही; त्यात पेट्रोल मिसळलं की टाकीच्या तोंडाशी पेट्रोलचीच वाफ असते. ‘डिझेलच तर आहे’ म्हणून वेल्डिंगच्या ठिणग्यांजवळ कॅन ठेवणारे मी पाहिले आहेत.

जळकं इंजिन ऑइल. गॅरेजवाले आनंदाने फुकट देतात, कारण ते टाकायचं कुठे हा त्यांचाही प्रश्न असतो. त्यात काजळी असते, धातूचा कीस असतो, कूलंट आणि पाणी असतं, कधी भाग धुतलेलं सॉल्व्हंटही असतं. या ट्रकला इंधनाचे तीन फिल्टर आहेत, एक प्राथमिक आणि दोन शेवटचे, तरी आधी गाळलं नाही तर ते धडाधड चोंदतात. पंपावर इंधन किती पातळ-जाड आहे त्यावरून मात्रा कमीजास्त करणारा एक भाग आहे. त्याच्या बारीक जाळ्या आधी भरतात. मग लोक तो भाग सरळ बाद करून टाकतात. म्हणजे वेगवेगळ्या इंधनांना सांभाळून घेणारा भागच काढून ठेवायचा, आणि बहुइंधनी म्हणून मिरवायचं!

तळणीचं तेल. याच्यावर मी थोडा थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच भुलतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हा दाखला तेल विकणाराही देतो आणि तेल मागणाराही. दाखला खरा आहे. पण प्रदर्शनात इंजिन एका जागी उभं असतं आणि पूर्ण तापलेलं असतं. खाद्यतेल थंड असताना डिझेलच्या कितीतरी पट घट्ट असतं. चांगलं गरम केलं तरच नोझलमधून नीट फवारतं. म्हणून शहाणे लोक दोन टाक्या ठेवतात. सुरू डिझेलवर करायचं, रेडिएटरच्या गरम पाण्याने तेल तापवायचं, मग तेलावर वळवायचं, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणून नळ्या धुऊन काढायच्या. रॉकेलवरचे जुने ट्रॅक्टर ज्यांनी चालवले त्यांना हे नवं नाही. सुरू पेट्रोलवर, तापल्यावर रॉकेल.

लांबच्या हमरस्त्यावर हे जमतं. शेतावर जमत नाही. शेतातला ट्रक घटकाभर चालतो, मग गठ्ठे चढेपर्यंत नुसता घुरघुरत उभा राहतो, पुन्हा थोडा चालतो, बंद होतो. इंजिन नीट तापतच नाही. न जळलेलं तेल पिस्टनच्या रिंगांशी चिकटून लाखेसारखं होतं, काही खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल हळूहळू घट्ट होत जातं. आमच्याकडे हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो, तेव्हा टाकीतलं तळणीचं तेल साजूक तुपासारखं थिजतं. सकाळी गुरांना गवत टाकायचं असताना टाकीला शेक देत बसण्यात मला तरी मजा वाटली नाही. आणि तेल गोळा करायचा वेळ? हॉटेलं फिरायची, डबे आणायचे, महिनोन्‌महिने निवळू द्यायचं, पाणी काढायचं, गाळायचं. त्या वेळेची मजुरी लावली की फुकटचं तेल डिझेलच्या किमतीला येऊन भिडतं.

सोयाबीनचं बायोडिझेल यापेक्षा बरं. मात्र जुन्या टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ ते सोडवून फिल्टरमध्ये आणतं आणि जुन्या रबरी नळ्या मऊ करतं. निव्वळ बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपास गढुळायला लागतं. मी उन्हाळ्यात डिझेलमध्ये थोडं मिसळून वापरतो, नळ्या बदलल्यानंतरच.

करमुक्त लाल डिझेल शेतीसाठी मिळतं, तेच मी घालतो, पण शेतातच. भारतात रेशनचं रॉकेल निळं करतात, तसा इथे हा लाल रंग. तो टाकीत घेऊन सार्वजनिक रस्त्यावर पकडले गेलात तर दंड १,००० डॉलर किंवा गॅलनला १० डॉलर, यांत जो जास्त असेल तो.

इंधनाची एवढी चर्चा झाली, पण हा ट्रक माणूस मारेल तो इंधनाने नाही, ब्रेकने. एम-३५ए२ चे ब्रेक हवेच्या मदतीने चालणारे हायड्रॉलिक आहेत आणि त्यांचं सर्किट एकच. आजच्या गाडीत एका सर्किटची नळी फुटली तर दुसरं सर्किट धरतं. इथे कुठल्याही एका चाकाची नळी फुटली की सगळ्या चाकांचे ब्रेक एकदम जातात, पेडल तळाला. रिकामाच ट्रक सहा टनांच्या आसपास, त्यावर लाकूड. माझी मागची नळी सपाट रानात, अगदी हळू चालताना फुटली. हॅण्डब्रेक आधीच नीट जुळवून ठेवलेला होता, तो ओढून ट्रक थांबवला. हीच गोष्ट उतारावर झाली असती तर हा लेख लिहायला मी नसतो. म्हणून ट्रक घरी आला की आधी सगळ्या रबरी ब्रेकनळ्या आणि चाकांचे सिलिंडर नवे घाला. ब्रेक ऑइल कोणतं आहे ते पाहा. लष्कर सिलिकॉनचं, म्हणजे डॉट ५ वापरतं, त्यात बाजारातलं साधं डॉट ३ मिसळू नका. काही चाकांच्या रिमला कडी असते, ती हवा भरताना उडाली तर जीव घेते. लोखंडी पिंजऱ्याशिवाय हवा भरू नका. आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिन २,६०० फेऱ्यांच्या वर जाऊ देऊ नका, कनेक्टिंग रॉड बाहेर येतात.

शेतकऱ्याला एक वेगळा मोह होतो. तो इंजिनाचा नाही, चाकांचा. दहाच्या दहा टायर जमिनीत रुतत नाहीत, सगळी चाकं ओढतात, मग माणूस ओल्या रानातही घुसतो. रुतत नाही हे खरं, पण एवढ्या वजनाने खालची माती दाबली जाते आणि पुढे कित्येक हंगाम तिथे मुळं उतरत नाहीत. माझ्या मक्याच्या रानात ट्रकच्या वाटेवरची ओळ लांबून ओळखू येते. वाफसा नसेल तर ट्रक बांधावरच ठेवा.

मध्यंतरी पुतण्याचा फोन आला. “काका, इकडे पण लष्कराच्या गाड्या लिलावात निघतात. एक घेऊ का? रॉकेलवर चालवतो.” मी म्हटलं, “अरे, आधी आरटीओत विचार, तुझ्या नावावर होऊन रस्त्यावर चालवायला मिळेल का. मग सुटे भाग कुठे मिळतात ते बघ. रॉकेलचं नाव काढू नकोस.” इथेही तेच आहे. लिलावात मिळणाऱ्या एसएफ-९७ या कागदावर नोंदणी मागता येते, पण द्यायची की नाही हे राज्य ठरवतं. काही ठिकाणी देतात, काही ठिकाणी अडवतात. पैसे भरण्याआधी नोंदणी कार्यालयात जाऊन यावं.

माझा ट्रक आता डिझेलच पितो. चांगल्या रस्त्यावर लिटरला चार किलोमीटरच्या आसपास देतो, शेतात त्याहून कमी. एवढं गृहीत धरून हिशेब बसत असेल तर घ्या, कारण लाकूड आणि पाणी वाहायला हा दणकट ट्रक आहे. हिशेब बसायला फुकटचं तेल लागत असेल तर घेऊ नका. आणि बघायला जाल तेव्हा विकणारा टाकीत काय काय घातलं ते रंगवून सांगत असताना तुम्ही ट्रकखाली आडवे व्हा आणि ब्रेकच्या नळ्या तपासा.